मुलांचें पान

मराठी भाषेंत 'पान' ह्या शब्दाचे अर्थ अनेक आहेत. झाडाला पान असतें, पुस्तकाला पान असतें, आणि जेवणाच्या वेळीं आपल्यापुढें वाढलें जातें तेंही पानच. पुणें शहरांतील कुटुंबवत्सल हॉटेलांत गेलें असतां पदार्थांची जी यादी हातीं पडते, तिच्या शेवटीं पुष्कळदां एक लहानसें पान असतें. त्यावर फुग्यांचें किंवा अस्वलाचें चित्र असतें व 'मुलांसाठीं' असा मथळा असतो. आमच्या विद्यार्थ्यांस हें पान चांगलें परिचयाचें आहे. ह्या लेखांत आम्ही त्या पानाचा थोडा अभ्यास करणार आहों. कारण यादींतील पान जसें असेल, तसेंच पुढें वाढलेलें पानही असतें.

प्रथम त्या पानावर काय असतें तें पाहूं. अनेक ठिकाणीं तेथें तळलेले बटाटे, चीज घातलेला पिझ्झा, मैद्याच्या नूडल्स, पांढऱ्या रश्शांतील पास्ता, शेवटीं आइस्क्रीम आणि सोबत बाटलींतलें गोड पेय, एवढेंच आढळतें. वडील मंडळींच्या वांट्याला सात-आठ पानें येतात व त्यांत भाज्या, डाळी, उसळी, मासे, कोशिंबिरी असे नाना प्रकार असतात. मुलांच्या वांट्याला एक पान येतें, आणि त्यावर हिरवी वस्तु शोधूनही सांपडत नाहीं. हें पाहिल्यावर दोन प्रश्न मनांत उभे राहतात. ह्या आहारानें मुलांच्या शरीराचें पोषण होतें काय, हा पहिला. मुलांस नवें कांहीं चाखण्याचें धैर्य नसतें असें हें पान गृहीत धरतें, तें खरें आहे काय, हा दुसरा.

ह्या पानाचा जन्म आपल्याकडील नाहीं. अमेरिकेंत १८९४ सालीं डॉ. एमेट होल्ट यांनीं मुलांच्या संगोपनावर एक पुस्तक लिहिलें. तें पुढें घरोघरीं प्रमाण मानलें गेलें. मुलांचें अन्न साधें, मऊ व बेचव असावें, अशी त्या काळच्या वैद्यांची समजूत होती. पुढें १९२० सालीं त्या देशांत दारूबंदी झाली. मद्याच्या विक्रीवर चालणाऱ्या मोठ्या हॉटेलांचें उत्पन्न बुडालें, तेव्हां त्यांचें लक्ष सहकुटुंब येणाऱ्या गिऱ्हाइकांकडे वळलें. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलानें १९२१ सालीं मुलांसाठीं निराळी यादी छापली. जपानमध्यें १९३० च्या डिसेंबरांत टोकियो येथील मित्सुकोशी ह्या मोठ्या दुकानाच्या भोजनगृहांत मुलांचें खास ताट सुरू झालें. त्यांत भाताची डोंगरासारखी मूद घालून तिच्या शिखरावर इवलासा झेंडा रोंवीत. ती युक्ति इतकी लोकप्रिय झाली कीं तसें ताट जपानांत आजही मिळतें. म्हणजे मुलांच्या पानाचा उगम वैद्यकीय मतांत व व्यापारी गरजेंत आहे. पुढें वैद्यकीय मत बदललें, परंतु पान राहिलें. आणि उकडलेल्या बेचव अन्नाची जागा तळलेल्या, खारट व गोड पदार्थांनीं घेतली.

पुण्याची गोष्ट ह्याहून निराळी होती. येथें घराबाहेर खाणें हेंच मुळीं एके काळीं साहस होतें. १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें एका सभेच्या प्रसंगीं पाहुण्यांपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. हजर असलेल्यांत न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक हेही होते. गोपाळराव जोशी यांनीं पाहुण्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करविलीं. त्यावरून शहरांत मोठें ग्रामण्य माजलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें व कित्येकांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें. एका पेल्यावरून एवढें वादळ उठलें, हें आजच्या मुलांस खरेंही वाटणार नाहीं. परंतु त्यानंतर अर्धशतकही लोटलें नाहीं तोंच, १९३५ सालीं, डेक्कन जिमखान्यावर 'कॅफे गुडलक' हें इराणी हॉटेल उघडलें, आणि त्याच वर्षीं लक्ष्मी रस्त्यावर नानासाहेब सरपोतदारांनीं 'पूना गेस्ट हाऊस' सुरू केलें. फर्गसन कॉलेज रस्त्यावरील आजचें 'वैशाली' हें पूर्वीं 'मद्रास हेल्थ होम' ह्या नांवानें ओळखलें जात असे.

ह्या इतिहासांत एक बोध आहे. इडली, डोसा व सांबार हे पदार्थ पुणेकरांच्या आजोबा-पणजोबांस परके होते. ते कोणत्याही 'मुलांच्या पाना'वर आले नाहींत. बापानें मागविलेल्या बशींतला एक तुकडा मोडून मुलाच्या हातीं दिला, मुलानें तो चाखला, पुन्हां मागितला, आणि दोन पिढ्यांत इडली पुणेरी डब्यांत जाऊन बसली. मुलांस नवें नको असतें, असें म्हणणारांनीं ह्याचें उत्तर द्यावें.

आम्हां शिक्षकांस तर ह्याचा पुरावा रोज मधल्या सुटींत मिळतो. घरीं अळूच्या भाजीला नाक मुरडणारा मुलगा मित्राच्या डब्यांतलें अळूवडीचें शेवटचें काप मिळावें म्हणून धडपडत असतो. कोंकणांतून आलेल्या मुलीचें घावन, गुजराती मुलाचा ठेपला, खानदेशांतील मुलाचें कळण्याच्या भाकरीबरोबरचें वांग्याचें भरीत, ह्यांची देवघेव एका बाकावर चाललेली असते. दिवाळींत शेजाऱ्यांचा फराळ आमच्या घरीं येतो, नाताळांत आमच्या घरचा केक व करंज्या त्यांच्याकडे जातात. आणि दोन्ही घरचीं मुलें ताटलीवरचा रुमाल उचलण्यास सारखींच उतावीळ असतात. मुलांच्या अंगीं कुतूहल आहे. उणीव आहे ती संधीची.

आतां पोषणाचा विचार करूं. येथें थोडें गणित मांडणें अवश्य आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें सात ते नऊ वर्षांच्या मुलास दिवसाला सुमारें १७०० कॅलरी अन्न पुरेसें मानलें आहे. वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारी शक्ति एकूण शक्तीच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, आणि पांच टक्क्यांच्या आंत राहिल्यास अधिक उत्तम, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलें. १७०० चे दहा टक्के म्हणजे १७० कॅलरी. एक ग्रॅम साखरेपासून ४ कॅलरी मिळतात, म्हणून ही मर्यादा सुमारें ४२ ग्रॅम झाली; पांच टक्क्यांची मर्यादा धरली तर ती २१ ग्रॅम होते. बाटलींतल्या गोड पेयांत दर १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. तेव्हां ३०० मिलिलिटरच्या एका बाटलींत सुमारें ३२ ग्रॅम साखर पोटांत जाते. एका बाटलीनेंच लहान मर्यादा ओलांडली व मोठ्या मर्यादेचा तीन-चतुर्थांश भाग संपला. आइस्क्रीम अद्याप यावयाचेंच आहे. विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें.

कोणी म्हणेल, आपल्याकडे मुलें अशक्त असतात, चार घांस जास्त खाल्ले तर काय बिघडलें? परंतु अन्नानें पोट भरणें व अन्नानें पोषण होणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०१६ ते २०१८ ह्या काळांत आपल्या देशांत मुलांच्या पोषणाचें मोठें सर्वेक्षण झालें. त्यांत एक ते चार वर्षांच्या बालकांपैकीं ४१ टक्के, पांच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकीं २४ टक्के व दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींपैकीं २८ टक्के पंडुरोगी, म्हणजे रक्तक्षयानें ग्रस्त, आढळलीं. दुसऱ्या बाजूस, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत पांच वर्षांखालील वाजवीपेक्षां स्थूल बालकांचें प्रमाण २०१५-१६ मध्यें २.१ टक्के होतें, तें २०१९-२१ मध्यें ३.४ टक्के झालें. एकाच देशांत, कित्येकदां एकाच घरांत, रक्त कमी व चरबी जास्त अशी स्थिति होऊं लागली आहे. मैदा, बटाटा, साखर व तेल ह्यांनीं शक्ति मिळते, पण रक्तास लागणारें लोह व हाडांस लागणारें चुन्याचें सत्त्व त्यांतून फारसें मिळत नाहीं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठांत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तेवढ्याच पांढऱ्या तांदुळांत तें १० च्या आसपास असतें. आपल्या आजीनें तान्ह्या बाळास नाचणीचें सत्त्व कां चाटविलें, हें ह्या दोन आंकड्यांवरून समजतें.

ह्या बाबतींत एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. निलगिरी पर्वतावरील कुन्नूर येथें रॉबर्ट मॅक्कॅरिसन नांवाचे डॉक्टर आहारावर संशोधन करीत. १९२० नंतरच्या दशकांत त्यांनीं उंदरांचे निरनिराळे गट केले व प्रत्येक गटास हिंदुस्थानच्या एकेका प्रांतांतील लोकांचें नेहमींचें जेवण दिलें. शीख लोकांचें जेवण, म्हणजे कोंड्यासकट गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळी व ताजी भाजी, हें खाणारे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट झाले. पठाणांच्या आहाराचा क्रमांक दुसरा व मराठ्यांच्या आहाराचा तिसरा लागला. सडलेला पांढरा तांदूळ मुख्यत्वें खाणारे उंदीर शेवटीं राहिले. जात व हवामान ह्यांपेक्षां ताटांत काय पडतें ह्याला महत्त्व अधिक, हें त्यावरून दिसून आलें. हीच संस्था पुढें १९५८ सालीं हैदराबादेस गेली व आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून प्रसिद्ध आहे. तिनें २०२४ सालीं भारतीयांसाठीं आहाराचे सतरा नियम नव्यानें प्रसिद्ध केले. नाना प्रकारचे पदार्थ खाऊन आहार समतोल ठेवावा, हा त्यांतील पहिलाच नियम आहे.

आतां रुचीकडे वळूं. कडू चव मुलांस नको वाटते व गोड चव जन्मापासून आवडते, हें निसर्गतःच आहे. कारण रानांतील पुष्कळ विषारी वनस्पति कडू असतात. साधारण दोन ते सहा ह्या वयांत अनोळखी अन्नाविषयींची भीति सर्वांत अधिक असते. परंतु ही भीति कायमची नाहीं. लीन बर्च नांवाच्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं १९८० नंतर केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, एखादा नवा पदार्थ बळजबरी न करतां पुन्हां पुन्हां थोडाथोडा चाखावयास दिला, तर मुलांस तो आवडूं लागतो. त्यासाठीं कधीं आठ-दहा, तर कधीं पंधरा वेळांही तो द्यावा लागतो. इतकेंच नव्हे, तर २००१ सालीं ज्युली मेनेला ह्यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गरोदरपणीं किंवा अंगावर पाजीत असतां ज्या मातांनीं गाजराचा रस घेतला होता, त्यांच्या बाळांनीं गाजराची चव असलेली पेज इतर बाळांपेक्षां अधिक खुशीनें खाल्ली. रुचीचें शिक्षण असें पाळण्याच्याही आधीं सुरू होतें. पालक मात्र पुष्कळदां दोन वेळां पदार्थ देऊन पाहतात आणि तिसऱ्या वेळीं निकाल सांगून टाकतात: "ह्याला तें आवडत नाहीं." मुलाच्या देखत उच्चारलेलें हें वाक्य मुलगा पाठ करतो, व पुढें तें आपलें ब्रीद म्हणून मिरवितो.

मग हॉटेलवाल्यांनीं करावें तरी काय? त्यांची अडचण खोटी नाहीं. मुलानें मागविलेलें टाकून दिलें, तर अन्न वायां जातें व पैसे देणारा बाप नाराज होतो. तळलेला बटाटा कधीं परत येत नाहीं. ह्या अडचणीचें उत्तर आपल्याच पंक्तींत आहे. मराठी ताटाची मांडणी पाहा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाज्या व आमटी; मध्यें भाताची मूद. डाव्या बाजूचे पदार्थ थोडे वाढावयाचे, हा नियमच आहे. एका ताटांत इतक्या चवी, आणि प्रत्येक चव एका बोटाची! नव्या पदार्थाची ओळख करून देण्यास ह्याहून सोयीची रचना आम्हांस माहीत नाहीं. पुण्यांतील थाळीच्या भोजनगृहांनीं ही मांडणी अजून जतन केली आहे. मुलांच्या पानावर तिचीच लहान प्रतिकृति आणतां येईल.

आमच्या मतें मुलांचें पान पुढील तत्त्वांवर रचावें.

(१) मोठ्यांच्या यादींतला कोणताही पदार्थ मुलांस अर्ध्या मापानें व अर्ध्या किंमतीनें मिळावा. निराळें पान असावें, पण तें कुंपण होऊं नये.

(२) प्रत्येक मुलाच्या ताटांत एक 'चवीची वाटी' असावी. तींत त्या दिवसाची एखादी भाजी किंवा उसळ दोन चमचे वाढावी व तिचे पैसे निराळे घेऊं नयेत. दोन चमचे टाकले गेले तरी कोणाचें दिवाळें निघत नाहीं, आणि खाल्ले गेले तर पुढचें गिऱ्हाईक तयार होतें.

(३) धान्यांत पालट असावा. थालीपीठ, ज्वारीच्या लहान भाकऱ्या, मुगाचीं धिरडीं, नाचणीचे डोसे, भोपळ्याचे घारगे हे पदार्थ मुलांच्या हातांत मावतात व त्यांस तोडून खाण्याची मौज वाटते. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, तें आपल्याच देशाच्या सूचनेवरून. तें वर्ष सरलें, तरी भाकरीचें महत्त्व सरलेलें नाहीं.

(४) पाणी, ताक, सोलकढी किंवा कोकमाचें कमी साखरेचें सरबत हीं पेयें आधीं लिहावींत. बाटली मागितल्यास मिळावी, पण ताटाच्या किंमतींत ती धरूं नये.

(५) तिखट कमी करावें, पण चव कमी करूं नये. जिरें, ओलें खोबरें, चिंच-गूळ, कोथिंबीर, दाण्याचें कूट ह्यांनीं तिखटावांचूनही पदार्थ रुचकर होतो.

हें सर्व कायद्यानें करतां येईल काय? अंशतः येईल. २०२० सालच्या नियमांनीं आपल्या देशांत शाळेच्या उपाहारगृहांत व शाळेभोंवतीं पन्नास मीटरांच्या आंत अति चरबी, मीठ व साखर असलेल्या पदार्थांची विक्री मना करण्यांत आली. ज्या हॉटेलांच्या दहा किंवा अधिक शाखा आहेत, त्यांनीं यादींत प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी छापाव्या, असाही नियम झाला. परंतु कायद्याचे हात किती पोंचतात ह्याचा एक दाखला अमेरिकेंत घडला. सॅन फ्रान्सिस्को शहरानें २०१० सालीं ठरविलें कीं, मुलांच्या जेवणाबरोबर खेळणें फुकट द्यावयाचें तर तें जेवण ६०० कॅलरींहून कमी असावें व त्यांत फळ आणि भाजी असावी. नियम २०११ च्या डिसेंबरांत अंमलांत आला, तेव्हां मॅक्डोनल्ड्स कंपनीनें खेळण्यास दहा सेंट किंमत लावली. ते पैसे तिनें धर्मादायास दिले हें खरें. पण खेळणें फुकट राहिलें नाहीं, आणि नियम जागच्या जागीं राहिला. जपाननें निराळी वाट धरली. तेथें २००५ सालीं अन्नशिक्षणाचा कायदा झाला. शाळेंत मुलें स्वतः वाढतात, एकच जेवण सर्व वर्ग जेवतो, व कोणती भाजी कोठून आली हें शिक्षक सांगतात. तेथें जेवण हाही एक पाठ समजला जातो.

पालकांस आमची एक विनंती आहे. ज्या कुटुंबास महिन्यांतून एकदांच हॉटेलांत जाणें परवडतें, त्या कुटुंबांतील आईबापांस त्या दिवशीं मुलांशीं वाद नको असतो. मूल हंसावें, म्हणून तर चार पैसे बाजूला ठेवलेले असतात. ह्या भावनेचा आम्ही आदरच करितों, व त्या दिवशीं मुलाच्या हातून बटाटा काढून घ्या असें आम्ही सांगत नाहीं. आमचें सांगणें एवढेंच कीं, त्याच्या आवडीच्या बशीशेजारीं एक अनोळखी बशी ठेवावी, आपण स्वतः ती आनंदानें खावी, आणि त्यानें हात पुढें केला तर घांस द्यावा. न केला तर गप्प राहावें. "भाजी खाल्लीस तर आइस्क्रीम मिळेल" असें मात्र कधीं म्हणूं नये. त्यानें भाजी ही शिक्षा ठरते आणि आइस्क्रीम हें बक्षीस.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांसही एक अभ्यास देतों. पुढच्या वेळीं हॉटेलांत गेलां म्हणजे वाढप्याला नम्रपणें तीन प्रश्न विचारा: आज ताजी भाजी कोणती आहे? ती अर्ध्या मापानें मिळेल काय? आपल्याकडे ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी होते काय? गिऱ्हाइकानें एकदां विचारलेलें मालक विसरतो. दहा मुलांनीं विचारलेलें तो यादींत लिहितो. नंतर एक वही करा. वर्षभरांत प्रथमच चाखलेले पदार्थ तींत तारखेसह लिहा, आणि जो आवडला नाहीं त्यापुढें 'अद्याप नाहीं' एवढेंच लिहा. 'कधींच नाहीं' असें लिहूं नका.

ज्यास बालपणीं चारच पदार्थांची ओळख झाली, तो मोठेपणीं कोठें वसतिगृहांत, परप्रांतांत किंवा परमुलखांत गेला म्हणजे यजमानाच्या पंक्तीला बसून उपाशी उठतो. त्याचें शरीर तर दुबळें राहतेंच, पण दुसऱ्याच्या घरच्या अन्नाला 'चांगलें आहे' असें मनापासून म्हणण्याचें सुखही त्याला लाभत नाहीं. ह्या शहरांत एके काळीं एका चहाच्या पेल्यावरून माणसें एकमेकांपासून दुरावलीं होतीं. त्याच शहरांतील आमचीं मुलें आज एका बाकावर बसून एकमेकांचे डबे खातात. हॉटेलांच्या मालकांनीं मुलांचें पान नव्यानें छापावयास घेतलें, तर त्यांनीं एकदां मधल्या सुटींत शाळेंत यावें व त्या बाकाजवळ पांच मिनिटें उभें राहावें. तेथें त्यांस मुलांची खरी यादी वाचावयास मिळेल.